खुंटा धरलेला हात

शेवटची दोन वर्षं आजी मला रोज विचारायची, ‘कुणाची गं तू?’ मी माझं नाव सांगायचे, मग बापाचं. ती मान डोलवायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पाटसच्या आमच्या घरात डिमेन्शिया हा शब्द फार उशिरा आला. तोवर ‘म्हातारपणामुळं इसरते’ एवढंच निदान होतं.

गाण्यांनी बरं वाटतं, असं वाचून मी मोबाइलवर लता, रफी लावले. आजीने ढुंकून पाहिलं नाही. चूक माझीच. माणसाला सगळ्यात घट्ट चिकटतात ती तरुणपणी ऐकलेली गाणी, आणि आजीच्या तरुणपणी घरात रेडिओ नव्हता. जातं होतं.

पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात, एकीने वैरण घालायची, ओवी एकीने उचलायची आणि दुसरीने धरायची. सासर, भाऊ, पंढरी, सीता सगळं त्यात. मग पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण ओवी म्हणायची जागा गेली. 1980च्या दशकात गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून या ओव्या उतरवायला घेतल्या. एक लाखाहून जास्त जमल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. आता त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात, आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्यासुद्धा.

तशीच एक मी लावली. आजीची उजवी मूठ आवळली आणि हात हवेत गोल फिरायला लागला. दुसरी ओळ तिने स्वतः उचलली. मला ओळखलं नाही, ते नाहीच.

2015 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात जर्मनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. फार दिवसांपासून माहीत असलेली गाणी मेंदूच्या ज्या भागांत साठतात, ते भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतात, असं त्यांना आढळलं.

गावातल्या म्हाताऱ्या पुरुषांचं मात्र बरं आहे. विसरायला लागलेल्या माणसालाही हरिपाठाला देवळात बसवतात, हातात टाळ देतात. साठ वर्षं रोज तेच अभंग म्हटलेले असतात, हात आपोआप चालतो. आषाढात तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला येते आणि पुढे रोटी घाट चढते, तेव्हा असे आजोबा रस्त्याकडेला ताल धरून असतात. ही पालखी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685मध्ये सुरू केली, म्हणजे हा सराव सव्वातीनशेहून जास्त वर्षांचा. बायकांचं जातं मात्र परसात पालथं पडलेलं. आमच्या जात्याच्या वरच्या तळीवर तर कोंबड्यांचं पाणी ठेवतात.

पुढच्या आठवड्यात आजीने म्हटलेल्या ओवीत भावाचं नाव आलं. ओवीत भावाचं नाव घालायची रीतच आहे. पण हे नाव आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. पप्पा म्हणाले, आजीला भाऊच नव्हता. मी मोठ्या आत्यांना फोन लावला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, ‘होता. लहानपणीच गेला. आई त्याचं नाव कधी काढायची न्हाई.’

ते रेकॉर्डिंग सत्तेचाळीस सेकंदांचं आहे. शेवटी माझाच आवाज येतो, ‘आजी, हा कोण गं?’ आणि तिचा, ‘तू कुणाची?’