हत्तीवरची साखर आणि आष्टीचा कोयता

मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये आमच्या टीममधल्या चौघांची शुगर बॉर्डरवर निघाली. झालं, दुसऱ्या दिवसापासून ‘साखर सोडा’ मोहीम सुरू! तेवढ्यात एकजण म्हणाला, “अरे, आपल्या संस्कृतीतच गोड आहे, ते कसं सुटणार?” हे वाक्य काही डोक्यातून जाईना. माझं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. आमच्याकडे साखर म्हटलं की लोकांना आधी कोयता आठवतो, चहा नंतर. म्हणून या शनिवारी जरा हा इतिहासच उकरून काढला.

आधी आपली भाषा बघा. लग्न ठरलं की साखरपुडा. मोठी आनंदाची बातमी आली की हत्तीवरून साखर वाटायची. रोज डब्यात पडून असणारी वस्तू कुणी हत्तीवरून वाटतं का हो? साखर ही अप्रूपाची चीज होती. रोजचं गोड म्हणजे गूळ, तोही मोजूनमापून. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, सणाला पुरण, संक्रांतीला तीळगूळ. माझी आजी सांगायची, “पाव्हणा आला तर साखर, घरच्याला गूळ.” आणि चहा? तो तर आणखी नवा. चहावाल्यांनी १९०३च्या कायद्याने स्वतःवर कर लावून घेतला, त्यातून प्रचाराचा फंड उभारला आणि १९३०च्या दशकात तर गावोगाव जोरात प्रचार केला. म्हणजे ‘परंपरेने चालत आलेला’ आपला गोड चहा हा बऱ्यापैकी मार्केटिंगचा विजय आहे.

आता आकडे (सवय जात नाही). १९५०-५१ साली देशात साखर तयार झाली साधारण ११ लाख टन आणि लोकसंख्या होती ३६ कोटी. भागाकार केला तर माणशी वर्षाला तीन किलो, दिवसाला आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचेसुद्धा नाहीत. गूळ वेगळा, हे मान्य. आज खप माणशी वर्षाला वीस किलोच्या आसपास, दिवसाला पंचावन्न ग्रॅम. त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या डब्यातून जातच नाही. बिस्किटं, कोल्ड्रिंक, मिठाई, सॉस यांतून न सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आहे की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तेवढ्यावर आलो तरी आपण १९५०च्या तिप्पट साखर खात असू! आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, तेव्हा हा हिशोब नुसता गमतीचा नाही.

मग दोन चमच्यांवरून आपण इथवर आलो कसे? त्याची गोष्ट आमच्या शेजारी घडली.

दख्खनच्या दुष्काळांवर उपाय म्हणून इंग्रजांनी कालवे काढले. आधी नीरेचा, मग गोदावरीचे आणि १९२६ला भंडारदरा धरण पूर्ण झाल्यावर प्रवरेचे. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवायचा, पण कालव्याचं पाणी परवडेल असं पीक निघालं ऊस. तोवर देशात जावा बेटावरची साखर जहाजांनी यायची. १९३२ला सरकारने आयातीवर संरक्षक जकात बसवली आणि तीसेक कारखान्यांचे पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर झाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१चा. मग कारखान्यांची रांगच लागली.

हे सगळं सीना नदीच्या पलीकडे, नगरच्या बाजूला. अलीकडे आष्टी, म्हणजे १९४८पर्यंत निजामाचा मुलूख. इंग्रजांचा कालवा निजामाच्या हद्दीत कशाला येईल? पलीकडे ऊस झाला, अलीकडे बालाघाटचा माळ तसाच राहिला. उसाला पाणी मिळालं, पण तोडायला माणसं हवी होती. ती आमच्याकडून गेली. १९७२च्या दुष्काळानंतर तर हा ओघ फारच वाढला. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी निघते. त्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, दोन माणसं म्हणून कुणी मोजत नाही. फडाजवळ कोपी उभी करायची आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचं.

एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. टनाला शंभर-एकशेदहा किलो साखर उतरते. म्हणजे एका जोडीच्या एका दिवसाच्या कामात सात ते दहा माणसांची वर्षाची साखर झाली. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा पुढे गेला. चमच्याचा हिशोब केलात तर दोन पैसेही पडत नाहीत, तेही दोघांत मिळून. आणि २०१९ला बीड जिल्ह्यात सरकारने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा झाला तर दंड, पाळीतही सुट्टी नाही... हे आकडे मी चहा पिता पिता वाचले होते. तो कप अर्धा तसाच राहिला.

असो. माझ्यापुरतं मी काय केलं ते सांगतो. एकदम बंद नाही केली, ते टिकत नाही. दर पंधरवड्याला चहातला पाव चमचा कमी केला. तीन महिन्यांत दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आलो आणि आता लग्नातला चहा पाकासारखा लागतो. साखरेऐवजी गूळ घालून मनाचं समाधान करू नका, रक्ताच्या दृष्टीने तोही जवळपास साखरच. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं मात्र वाचा, खरी गळती तिथे आहे.

एका मित्राने विचारलं, सगळ्यांनीच साखर कमी केली तर तुझ्या गावचं काम जाणार नाही का? प्रश्न रास्त आहे. पण ऊस आता इथेनॉललाही जातो आणि फडात हार्वेस्टर कधीच शिरलंय. काम कमी होणार ते आपल्या चमच्यामुळे नाही, मशीनमुळे, आणि त्या बदल्यात आष्टीत काय उभं राहतंय हे कुणी नीट सांगत नाही. २०२२च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली खरी, पण रेल्वे म्हणजे रोजगार नव्हे. आमच्या भावकीतली एक जोडी यंदाही दसऱ्यानंतर गेली. नववीतल्या पोरीला मात्र या वेळी आजीपाशी ठेवलं आहे. उचल अजून फिटायची आहे.