बेफिकिरीची शिलाई

इटली या देशाशी आम्हा बी. कॉम. मंडळींची सोयरीक फार जुनी. लूका पाचोली नावाच्या एका साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला आणि जमेसमोर नावे मांडण्याची तिथल्या व्यापाऱ्यांची रीत त्यात समजावून दिली. साधूने खरं तर संसाराचा त्याग करायचा. याने तो तागडीत घालून दाखवला. ‘बँक’ हा शब्दही तिकडच्या सराफांच्या बाकड्यावरून आलेला. म्हणजे माझं लेजर इटालियन, माझी खुर्चीही मुळात इटालियन. अंगातला शर्ट तेवढा नाही, आणि तो असता तरी माझ्या अंगात तो इटालियन दिसला असता की नाही, याची शंका आहे.

कारण इटालियन माणूस कपडे घालत नाही, ते त्याच्या अंगावर आपणहून येऊन बसतात, असा जगाचा समज आहे. कोट थोडा सैल, टाय किंचित वाकडा, आणि तरीही गडी राजबिंडा. हे बाळकडू त्यांना उपजत मिळतं असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. या डौलामागे निदान सहाशे वर्षांची खटपट आहे.

पहिली खटपट सरकारची, आणि ती लोकांनी नटू नये म्हणून! फ्लॉरेन्स, व्हेनिस वगैरे नगरराज्यांनी कोणी काय ल्यावं, किती ल्यावं, फर कोणती, मोती किती, बाह्या केवढ्या, याचे कायदे केले होते. लग्नाच्या खर्चाने घरं बुडू नयेत हा एक हेतू आणि ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावं हा दुसरा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रांको साकेत्ती या लेखकाने यावर एक झकास गोष्ट लिहिली आहे. फ्लॉरेन्समध्ये बाहेरगावचा एक न्यायाधीश येतो. त्याचे कारकून वही घेऊन रस्त्यात बायकांना अडवतात. एकीच्या पुढ्यात बटणांची रांग. कारकून म्हणतो, बटणं मना आहेत. बाई म्हणते, ही बटणं नव्हेतच. यांना देठ नाही, समोर काजही नाहीत. दुसरीच्या अंगावर उंची फर. तीही शांतपणे सांगते, ही ती फर नव्हे, हा वेगळाच प्राणी आहे. आता बोला! शेवटी न्यायाधीश वरिष्ठांपुढे हात टेकतो, की जन्मभर कायदा शिकलो, पण या बायकांपुढे मी अडाणीच. वरिष्ठही शहाणे. घरोघरी तीच परिस्थिती असल्यामुळे प्रकरण दप्तरी दाखल होतं. सर्क्युलर कोणतंही असो, त्यातून वाट काढणारं गिऱ्हाईक जन्माला आलेलंच असतं, हे कोणत्याही काउंटरवाल्याला पटेल.

दुसरी खटपट बाल्दासारे कास्तिल्योने या सरदाराची. दरबारी माणूस कसा असावा यावर त्याने १५२८ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. ऊर्बिनोच्या राजवाड्यात चार रात्री रंगलेल्या गप्पा, असा त्याचा घाट. त्यात त्याने एक नवा शब्द घडवला: ‘स्प्रेत्सातूरा’. म्हणजे घेतलेले कष्ट दिसू न देता, जणू सहज जमलंय असं दाखवणं. गवई बारा-बारा तास घासतो आणि मैफलीत पान जमवता जमवता अवघड तान टाकून जातो, तसलं काहीतरी. गंमत म्हणजे सहजतेचं हे पुस्तक लिहायला आणि पुन्हा पुन्हा घासायला त्याला जवळजवळ वीस वर्षं लागली.

कपड्यांबद्दल त्याचं म्हणणं सरळ होतं. भडक नको, काळा रंग सर्वांत बरा, तो नसेल तर निदान गडद. राफाएल या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. काळा-करडा पोशाख, डोक्याला काळी टोपी, दागिन्यांचा बडेजाव नाही; आणि तरी नजर हलत नाही.

पण याच पुस्तकात एक कळ आहे. आमच्या लोकांना स्वतःचा असा पोशाखच उरला नाही, कोणी फ्रेंचांसारखा नटतो, कोणी स्पॅनिशांसारखा, अशी खंत त्यात येते. ज्यांचे कपडे आपण हौसेने चढवतो तेच उद्या आपल्या मानेवर बसतील, ही भीती. ती खोटी ठरली नाही. पुस्तक छापून येण्याच्या आदल्याच वर्षी, १५२७ साली, स्पेनचाही राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं. त्या वेळी कास्तिल्योने पोपचा वकील म्हणून त्याच चार्ल्सच्या दरबारात होता. दोनच वर्षांनी तो स्पेनमध्येच वारला. कपड्यांचा विषय म्हणजे निव्वळ चैनीचा विषय, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

तिसरी खटपट शिंप्यांची. विसाव्या शतकात पुरुषी कपड्यांचं काशीक्षेत्र म्हणजे लंडन. इंग्रजी कोट म्हणजे खांद्यात भरती, छातीत बकरम, आतून अस्तर. माणूस काढून घेतला तरी कोट उभाच राहील. लंडनच्या धुक्यात ते ठीक. नेपल्सच्या उन्हात त्या कोटात माणूस उकडून निघायचा. १९३०च्या सुमारास नेपल्समध्ये जेन्नारो रुबिनाच्ची यांनी दुकान काढलं आणि नाव ठेवलं ‘लंडन हाऊस’. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ‘बॉम्बे टेलर्स’ असतं, तसंच. पण तिथल्या विंचेंझो आत्तोलिनी या कटरने लंडनची पाटी तशीच ठेवून लंडनचा कोट मात्र आतून पोखरला. भरती काढली, अस्तर कमी केलं, बाही सदऱ्यासारखी खांद्याला चुण्या घालून बसवली. वरचा खिसा होडीसारखा किंचित वक्र. कोट चारचौघांत पांघरलेल्या शालीसारखा हलका झाला. नवख्याला त्या चुण्या म्हणजे शिंप्याची चूक वाटते. पण त्या हाताने बसवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

पुढची गोष्ट भराभर सांगता येईल. युद्धात देश मोडला. १९४५ साली रोममध्ये ब्रियोनी ही पेढी निघाली. १९५१च्या फेब्रुवारीत जोर्जिनी या गृहस्थाने फ्लॉरेन्समधल्या आपल्या घरी अमेरिकन खरेदीदारांना बोलावून इटालियन कपडे दाखवले. पुढच्याच वर्षी हा सोहळा तिथल्या पित्ती राजवाड्याच्या ‘साला बियांका’त भरू लागला. (साला म्हणजे दिवाणखाना, गैरसमज नसावा.) तिथे ब्रियोनीने चक्क पुरुषांना कपडे घालून लोकांसमोर चालवलं. मग वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या जॉर्जो आर्मानी यांनी १९७५ साली मिलानमध्ये स्वतःची कंपनी काढली, कोटाची उरलीसुरली हाडंही मऊ केली, आणि १९८०च्या ‘अमेरिकन जिगोलो’ या चित्रपटात रिचर्ड गिअरने ते कपडे घातल्यावर सारी अमेरिका खांदे पाडून चालू लागली. २०२५ साली वयाच्या ९१व्या वर्षी आर्मानी गेले. ज्या देशाला स्वतःचा पोशाख उरला नाही म्हणून एक सरदार हळहळला होता, तो देश चारशे वर्षांनी इतरांना कपडे घालू लागला.

आता एक हिशेब राहतो. फियाटचे मालक जान्नी आन्येल्ली मनगटी घड्याळ शर्टाच्या कफवरून बांधत. जगाने त्याला शैली म्हटलं. हेच एखाद्या कारकुनाने केलं, तर साहेब प्रथम त्याची तब्येत विचारतील आणि मग रजेचा अर्ज पुढे करतील. बेफिकीर दिसणं ही बाजारातली सर्वांत महाग चीज आहे. आधी पत लागते. ज्याच्याकडे एकच बरा शर्ट आहे, तो इस्त्री मोडू नये म्हणून बसमध्ये सीट असूनही उभा राहतो. त्याला चुण्यांची चैन परवडत नाही.

आणि दुसरी बाजू त्याहून मोठी. मालकाच्या त्या सहज दिसणाऱ्या कोटासाठी नेपल्सच्या गल्लीत कोणीतरी लहानपणीच सुई हातात घेतलेली असते, कोणी बाई घरी बसून डोळे ताणत काजं करत असते. कास्तिल्योनेने कष्ट लपवायला शिकवलं, ते अंगात घालणाऱ्याचे. शिवणाऱ्याचे कष्ट तर लपवावेही लागत नाहीत, ते कोणी बघतच नाही. पण पाचोलीबुवांचा नियम मोठा कडक आहे. एका बाजूला जमा पडली, की दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी खाती नावे पडतेच. कोट कितीही हलका असो, ती नोंद खोडता येत नाही.