‘डिड’चं कूळ आणि मूळ

फ्रान्झ बॉप हा जर्मन तरुण पॅरिसला जाऊन संस्कृत शिकला आणि १८१६ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने एक पुस्तक छापलं. विषय होता संस्कृत क्रियापदांची रूपं आणि ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन कुळातल्या भाषांशी त्यांचं नातं. तौलनिक भाषाशास्त्राचा पाया म्हणून या पुस्तकाचं नाव सगळीकडे घेतलं जातं. त्यात जाता जाता मांडलेला एक तर्क मात्र इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या वापरातला आहे. ‘वॉक्ड’, ‘लव्ह्ड’ या रूपांच्या शेवटी येणारा भूतकाळाचा ‘ड’ हा मुळात प्रत्यय नव्हताच, असं बॉपचं म्हणणं. ते ‘करणे’ या अर्थाचं एक अख्खं क्रियापद होतं आणि धातूला चिकटून चिकटून झिजलं. म्हणजे ‘वॉक्ड’च्या शेपटीला लागलेला आणि ‘डिड यू वॉक?’च्या तोंडाशी उभा असलेला, दोन्ही एकच!

पुरावा गॉथिक भाषेत सापडतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, आज स्वीडनमधल्या उप्सालाला आहे. या भाषेत ‘साल्बोन’ म्हणजे तेल माखणे. ‘मी माखलं’ म्हणायचं तर ‘साल्बोदा’. इथवर इंग्रजीसारखंच, एका ‘द’वर भागतं. पण ‘आम्ही माखलं’ म्हणायचं तर ‘साल्बोदेदुम’. हा ‘देदुम’ नुसत्या प्रत्ययासारखा दिसत नाही. त्यात दोन ‘द’ आहेत, आणि क्रियापदाचं पहिलं अक्षर दोनदा यावं तसे आहेत.

संस्कृत शिकलेल्याला इथे लगेच तिसरा गण आठवेल. ‘धा’ धातूचं रूप ‘दधाति’. धातूचं द्वित्व होतं आणि पहिला ‘ध’ अल्पप्राण होऊन ‘द’ होतो. अर्थ ‘ठेवतो’. विधी, निधी, संधी, श्रद्धा हे सगळे या धातूच्या घरचे. इंग्रजी ‘डू’सुद्धा याच घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा भूतकाळ ‘ड्यूडे’ असा होता आणि त्याचाच पुढे ‘डिड’ झाला. ‘डिड’मधला पहिला ‘ड’ म्हणजे ‘दधाति’मधल्या ‘द’चा सख्खा भाऊ. आजच्या इंग्रजीत द्वित्वाची अशी उघड खूण क्वचितच उरली आहे.

बॉपला विरोधकही तोलामोलाचे मिळाले. १९१२ मध्ये हेर्मान कोलिट्स यांनी हा ‘द’ मुळात ‘त’ असलेल्या एका जुन्या प्रत्ययातून आला, असा पक्ष मांडला. त्या बाजूचे दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत. पहिला, ‘थॉट’, ‘ब्रॉट’ या रूपांमधला ‘ट’ ‘धा’पासून काढणं अवघड जातं. त्याचं नातं ‘कृत’, ‘गत’मधल्या ‘त’शी सरळ जुळतं. दुसरा मुद्दा त्याहून अडचणीचा: ज्या गॉथिकमधून पुरावा काढायचा, त्या भाषेत ‘डू’ हे क्रियापदच आढळत नाही. ‘कृत्य’ या अर्थाचं नाम आहे, पण ‘करणे’साठी वेगळाच शब्द चालतो.

तरीही बॉपचंच पारडं जड ठरतं, आणि याचं कारण संस्कृतमध्येच आहे. संस्कृतात परोक्ष भूतकाळ करताना ‘चोरय्’सारख्या साधित धातूंना नेहमीची रूपं होत नाहीत. मग धातूला ‘आम्’ लावून पुढे ‘चकार’ जोडतात: ‘चोरयांचकार’. ‘चकार’ म्हणजे ‘केलं’. मूळ धातूंना आपापला भूतकाळ होता, मागाहून तयार झालेल्यांना ‘केलं’ उसनं घ्यावं लागलं. गॉथिकमधली स्थिती अगदी हीच. ‘साल्बोन’ हे ‘मलम’ या अर्थाच्या नामावरून केलेलं क्रियापद, आणि ‘देदुम’ची गरज अशाच साधित क्रियापदांना पडली. एकाच आदिकुळातल्या दोन भाषांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली. क्रियापद म्हणून ‘डू’ गॉथिकमधून नंतर गळून पडलं आणि जोडामध्ये गोठून राहिलं, असं मानायला काहीच हरकत नाही. ‘थॉट’च्या ‘ट’वर धातुसाधित विशेषणाची छाया पडली असणार.

आता ‘डिड यू वॉक?’सारख्या प्रश्नाकडे. जुन्या इंग्रजीत भूतकाळी प्रश्नाला ‘डिड’ लागत नसे. क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवलं की काम झालं. ‘सॉ यू द किंग?’ एवढं पुरे.

रिकामा, स्वतःचा अर्थ नसलेला ‘डिड’ तेराव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या पद्यात दिसू लागतो, तोही साध्या विधानांत. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ च्या ग्रंथात त्याचा माग काढला. त्यांच्या मते हा ‘डू’ मुळात ‘करवणे’ या अर्थाचा. राजाने ‘डिड बिल्ड’ म्हणजे राजाने बांधवून घेतलं. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, असं आपण म्हणतो. ‘बांधवून घेतला’ असं मुद्दाम कोणी म्हणत नाही. करणं आणि करवणं यांतली सीमा अशा वाक्यांत पुसट होते. ती पुसली गेली की ‘डिड’मध्ये फक्त भूतकाळ उरतो. मग पद्यकारांची सोय होते, कारण काळाचा भार ‘डिड’वर टाकून मूळ क्रियापद ओळीच्या शेवटी यमकाला नेता येतं.

दुसरा पक्ष केल्टिकवाद्यांचा, म्हणजे हा ‘डू’ वेल्श, कॉर्निश या केल्टिक भाषांकडून आला असं मानणाऱ्यांचा. वेल्श भाषेत ‘ग्व्नेइद’, म्हणजे करणे, हे क्रियापद असंच साहाय्याला येतं आणि कॉर्निशमध्येही तशी रचना आहे. नैर्ऋत्य इंग्लंडला लागूनच कॉर्नवॉल. शेजाऱ्यांकडून उचललं, असं म्हणणं साहजिक आहे. अमेरिकेतले जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २००८ च्या पुस्तकातून हे मत सामान्य वाचकांपर्यंत नेलं. पण अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये पाचव्या शतकापासून स्थायिक होत गेले, आणि रिकामा ‘डू’ लेखनात येतो आठशे वर्षांनी. बोलीत होता पण लिहिला गेला नाही, हे उत्तर शक्य आहे, समाधानकारक नाही. त्यातून जर्मन बोलींमध्येही ‘मी वाचायचं करतो’ या धाटणीची वाक्यं सर्रास चालतात, तिथे वेल्श शेजारी कुठून आणायचे?

सगळ्यांत नवलाचा साक्षीदार आहे इटलीत. लोंबार्दीतल्या कामोनिका खोऱ्यात मोन्नो नावाचं गाव आहे. तिथल्या बोलीत प्रश्न विचारताना ‘करणे’ अर्थाचं ‘फा’ पुढे येतं आणि मुख्य क्रियापद साध्या रूपात मागे राहतं. पाओला बेनिंका आणि चेचिलिया पोलेत्तो यांनी २००४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. इंग्रजीशी काडीचा संबंध नसलेल्या डोंगराळ गावाला हीच युक्ती सुचते, यावरून ती उसनी घ्यावीच लागते असं नाही, हे उघड आहे. केल्टिक शेजाराने फार तर धक्का दिला असेल.

सोळाव्या शतकात ‘डू’ विधानांत, नकारांत, प्रश्नांत, सगळीकडे पसरला. विधानांतला वापर त्या शतकाच्या उत्तरार्धात शिगेला पोचला आणि मग ओसरला. सॅम्युअल जॉन्सन यांनी तर १७५५ च्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात विधानातला हा अनावश्यक ‘डू’ सदोष ठरवला. प्रश्नांत मात्र तो वाढतच गेला. एलेगोर्ड यांच्या मोजणीत नकारार्थी प्रश्न सर्वांत पुढे आहेत. ‘मला ठाऊक नाही’ अशा ठरीव नकारांनी दीर्घकाळ दाद दिली नाही.

प्रश्नांतच का? ‘सॉ द किंग द बिशप?’ हे वाक्य पाहा. इंग्रजीतली विभक्ती गेली होती. कोणी कोणाला पाहिलं, हे फक्त जागेवरून कळणार, आणि दोन्ही नामं क्रियापदाच्या एकाच बाजूला! ‘डिड द किंग सी द बिशप?’ म्हटलं की कर्ता, क्रियापद, कर्म आपापल्या जागी राहतात. उच्चाराचीही एक अडचण होती. एकेरी ‘थाऊ’बरोबर भूतकाळाला ‘-एड्स्ट’ लागे आणि लांब क्रियापदांच्या शेवटी व्यंजनांची गर्दी होई. ‘डिड्स्ट थाऊ’ म्हटलं की ती सगळी एका छोट्या शब्दावर निभावे. डीटर श्टाइन यांनी १९९० मध्ये या मुद्द्यावर भर दिला, आणि भूतकाळी प्रश्नांपुरता तरी तो ग्राह्य धरायला हवा.

ज्यांना कर्त्याच्या आधी उडी मारायची मुभा राहिली त्या ‘वॉज’, ‘कुड’, ‘वुड’ यांना ‘डिड’ कधीच लागला नाही. ‘हू ब्रोक द कप?’ यातही तो नाही, कारण ‘हू’ स्वतःच कर्ता आहे आणि आधीच पहिल्या जागी आहे. क्रियापदाला कोणाला ओलांडायचं नसतं.

आपल्याकडे ‘डिड’ आला की क्रियापदाचं पहिलं रूप, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या घोकला जातो आणि तरीही ‘डिड यू वेंट?’ उत्तरपत्रिकांत येतंच. शिक्षकांनी एकदा फळ्यावर ‘वॉक्ड’ लिहावं, शेवटचा ‘ड’ पुसावा आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘डिड’ मांडावा. भूतकाळ पुढे गेला, मागे उरलं ते कोरं क्रियापद, हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्यावं.