पट्टे कुठून सुरू होतात

आमच्या घरात तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नसत. ‘जनावर’ म्हणायचं, फार तर ‘लांबडं’. कुणाला चावला, तर ‘पान लागलं’. चाकणच्या जवळ, भामा नदीच्या अंगाला आमचं गाव. मागच्या बाजूला गोठा, गोवऱ्यांची हुडवी, कडब्याची गंज आणि कांद्याची चाळ. एवढं सगळं म्हटल्यावर उंदीर आलेच, आणि उंदरांमागे जनावर.

कुणी ओरडलं की आजी कंदील घेऊन यायची. आधी सगळ्यांना मागे सारायची आणि लांबूनच निरखायची. भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचं काही सरसर चढताना दिसलं की म्हणायची, “कवड्या हाय रं. मानंपासनं पट्टं हायती बघ, शेपटीकडं इरून गेल्यात. जाऊ दे त्येला.” कवड्या पालीमागे भिंतीवर चढतो. मण्यार मात्र काळी-निळसर, तुकतुकीत. तिचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, डोक्याकडे पुसट नाहीतर नसलेलेच आणि शेपटीकडे ठळक. या एका फरकावर किती बिनविषारी कवड्यांचे जीव वाचले असते, आणि माणसांचेही.

ही नजर आजीला तिच्या आईकडून मिळाली. पिलेगाच्या दिवसांत. प्लेग मुंबईत आला 1896 साली, पुण्यात त्यामागोमाग, आणि नंतर कैक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. आजीच्या लहानपणीच्या एका फेऱ्यात गावात उंदीर पडायला लागले तशी माणसं घरांना कड्या लावून रानात खोपटं बांधून राहिली. भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि खाली गवताचं अंथरूण. “आई रातचं अंथरूण झाडून घ्यायची, मगच निजू द्यायची,” आजी सांगायची. तिथल्या शेजारच्या खोपटात एक मूल सकाळी उठलंच नाही म्हणे. अंगावर ना सूज, ना जखम. गाव म्हणालं, पिलेग. आजीची आई म्हणाली, मण्यार. खरं काय ते आता कुणी सांगावं? पण मण्यारीची रीत तशीच आहे. ती रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखत नाही. मग पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि श्वास अडतो.

पिलेगासाठीच मुंबईत हाफकिन साहेबांची प्रयोगशाळा उभी राहिली, 1899 साली परळला गेली, आणि 1925 पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे तिथेच घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचं औषध बनू लागलं. आजीला हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर तिने त्या घोड्यांनाही हात जोडले असते.

धामणीवर तिचा फार जीव. “धामण हाय तवर कणगी भरल्याली,” असं म्हणायची. मोठे डोळे, बारीक मान, ओठांवर काळ्या रेघा, आणि फणा नाही. एवढं पाहिलं तर धामणीला नाग समजून कुणी काठी उचलणार नाही. नाग मात्र नेहमीच फडी काढून बसलेला नसतो, हे पक्कं लक्षात ठेवावं. घोणस ओळखू येते अंगावरच्या साखळीच्या तीन रांगांनी आणि त्या भात्यासारख्या फुत्काराने. तिच्यासारखी दिसणारी डुरक्या घोणस बिनविषारी. अंगावर साखळी नाही, वेडेवाकडे डाग, आणि शेपूट आखूड, बोथट.

आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही. धामण म्हशीचं दूध पिते, नाग डूख धरतो, हे ती शपथेवर सांगायची. पान लागलेल्याला मारुतीच्या देवळात भगताकडे नेऊन कडुलिंबाचा पाला चारायचे, आणि पुष्कळदा माणूस उठून बसायचा, कारण बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. श्रेय मात्र भगताला. त्या श्रेयापायी आमच्या भावकीतला एक तरुण, घोणस चावलेला, देवळातच गेला. ती आठवण आजही पोटात खुपते.

थोरले चुलते पिंपरीला कामाला. 1954 साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता आकुर्डी-भोसरीची रानं पत्र्यांखाली गेली. चाकणची पाळी नंतर आली. चुलत्यांनीच थकलेल्या आजीला कात्रजचं सर्पोद्यान दाखवायला नेलं. नीलिमकुमार खैरे यांनी 1986 साली उभारलेलं. नागाला तिने नमस्कार केला. मण्यारीच्या काचेपुढे मात्र कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हीच ती. खोपटातली.”

आता आमच्या कांदाचाळीच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत. मराठवाड्यातली, बिहारची पोरं तिथे राहतात, रात्रपाळी करतात, फरशीवर झोपतात. मागे डब्यांचं उष्टं, त्यावर उंदीर. पिलेगातल्या खोपटात होतं तेच सगळं इथेही आहे. फक्त अंथरूण झाडणारं कुणी नाही. म्हणून पावसाळ्याआधी मी त्यांना बसवून सांगतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नका. ओळख पटली नाही तर विषारीच समजा, लांब राहा आणि वनखात्याच्या 1926 वर फोन करा. पान लागलंच तर कापू नका, आवळून बांधू नका, सापाच्या मागे लागू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर औषध एकच आहे. डॉक्टरला मेलेला साप दाखवायची गरज नाही. 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाने रात्री मोबाइलवर फोटो पाठवला. भिंतीवर पट्ट्यांचं लांबडं. खाली विचारलेलं, “काका, पट्टे मानेपासून आहेत, कवड्याच ना?”