सरपण, पाचर आणि निस्तार

आपल्या घराण्यांचे जे कुलवृत्तांत छापले गेले आहेत, त्यांत सनदा सापडतात, इनामांच्या नोंदी सापडतात, कोणत्या पुरुषाने कोणत्या सरदाराबरोबर नर्मदा ओलांडली याचा तपशीलही सापडतो. त्या घराची चूल मात्र कशावर पेटत होती, याचा उल्लेख सहसा आढळत नाही. माळव्यात, गुजरातेत, ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस स्थिरावलेल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिवसाचा आरंभ लाकडाच्या ढलप्यांनी होत असे. स्वयंपाक, स्नानाचा बंब आणि कार्यप्रसंगाच्या भट्ट्या, या सर्वांना सरपण लागे. ते सरपण कशाने फोडायचे हा प्रश्न अलीकडे पुन्हा विचारला जातो. शेतघर बांधणारी किंवा जुन्या वाड्यातील बंब राखून ठेवणारी मंडळी लाकूड फोडण्याच्या यंत्राची चौकशी करतात. या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्यास निवड सोपी होते, असे वाटल्याने हे टिपण लिहीत आहे.

प्रथम एक साधा भेद लक्षात घ्यावा. लाकूड तोडणे वेगळे आणि फोडणे वेगळे. तोडताना धार तंतूंना आडवी चालते. तेथे पातळ आणि तीक्ष्ण पाते हवे. फोडताना तंतू कापायचे नसतात, ते एकमेकांपासून विलग करायचे असतात. एकदा चीर पडली की ती धारेच्या पुढे धावते आणि पुढचे काम पात्याचा जाड गाल करतो. म्हणूनच झाड पाडण्याची पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते, तर जाड गालाची, वजनदार कुऱ्हाड तोच ओंडका दोन फाळ्यांत उघडते. तत्त्वतः फोडणारे प्रत्येक हत्यार म्हणजे पाचरच होय. काही पाचरींना दांडा असतो, इतकेच.

माळव्यातील वाचकांना या हत्याराचा जुना पुरावा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडातोली आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर-नावडातोली येथे संयुक्त उत्खनन केले. पुढे १९५७ ते १९५९ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नावडातोलीचे मोठे उत्खनन झाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कुडाच्या घरांबरोबर तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही मिळाल्या. तशाच सहा कुऱ्हाडी संगमनेरजवळच्या जोर्वे येथेही सापडल्या आहेत. या कुऱ्हाडींना दांडा बसवण्याचे नेढे नाही. तांबे मऊ असते आणि कठीण लाकडावर त्याची धार लवकर वळते. जाड ओंडके फोडण्याचे काम खऱ्या अर्थाने सोपे झाले ते लोखंड आल्यावर.

लोखंड आल्यानंतरही लाकडाची पाचर मागे पडली नाही. पंचतंत्रातील मित्रभेदाच्या आरंभी येणारी वानराची गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. अर्धवट चिरलेल्या खांबात सुताराने पाचर ठोकून ठेवली होती. वानराने ती उपटली आणि प्राण गमावला. गोष्टीचे तात्पर्य सर्वांना पाठ असते, परंतु मूळ संस्कृत कथेत ती पाचर खदिराची, म्हणजे खैराची, असल्याचे सांगितले आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. खैर अतिशय कठीण आणि चिवट असतो. नरम लाकूड कठीण लाकडाने उघडायचे, ही कारागिराची नित्याची रीत कथाकाराला ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वनोपजांवर देखरेख करणारा कुप्याध्यक्ष आहे आणि त्याच्या कठीण लाकडांच्या यादीत सागाबरोबर खैराचे नाव आहे.

हत्याराची निवड ठरवतो तो मुख्यतः लाकडाचा स्वभाव. साग सरळ तंतूंचा, म्हणून तो सहज फुटतो. पण तो इमारतीच्या कामाचा, चुलीत घालण्याचा नव्हे. बाभूळ कठीण असली तरी तिचा विस्तव दीर्घकाळ टिकतो, म्हणून जळणात तिला मान. धावड्याचे लाकूड चिवट आणि धक्का सोसणारे. कुऱ्हाडीच्या दांड्यास त्याच्यासारखे दुसरे लाकूड क्वचित. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मनुष्यस्वभावावर असली तरी तिचा जन्म याच अनुभवातून झाला असला पाहिजे. निमाडातील अंजन इतके जड की वाळलेला तुकडाही पाण्यात बुडतो. चिंचेची तऱ्हा तर निराळीच. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ती सरळ फुटत नाही. याच गुणामुळे खाटीक आपला ओंडका चिंचेचा निवडतो आणि याच गुणामुळे सरपण फोडणारा चिंचेच्या बुंध्यापुढे हात टेकतो. गाठींचे आणि बेचक्यांचे लाकूडही असेच हट्टी.

या अनुभवातून काही रीती रूढ झाल्या. बहुतेक लाकडे ओली असताना सुलभपणे फुटतात, म्हणून ती आणल्याबरोबर फोडून मग वाळवावीत. फोडलेल्या लाकडाचा आतला भाग उघडा पडतो आणि ते लवकर वाळते. अखंड ओंडका सालीआड ओल धरून बसतो. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि उरतो तो धूर. पावसाळ्यापूर्वी सरपण भरण्याची आपल्याकडील चाल केवळ सोयीची नव्हती. स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांशी आणि फुप्फुसांशी तिचा थेट संबंध होता. मोठा बुंधा असेल तर मध्यभागी घाव घालू नये, कडेच्या फाळ्या आधी काढाव्यात; टोकाला उन्हाने पडलेल्या चिरा पाहून त्याच रेषेत पाचर लावावी आणि घणाने ठोकावी. एक पाचर अडकली तर ती सोडवण्यास दुसरी हाताशी हवी. दोन पाचरी, एक घण आणि एक जड कुऱ्हाड, एवढी सामग्री कित्येक शतके पुरली.

मात्र हत्यार हाती असले म्हणून लाकूड आपले होत नाही. ते कोणी तोडावे हा प्रश्न राज्यकर्त्यांनी नेहमीच आपल्याकडे ठेवला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसासारखी रयतेची झाडे राखावीत, आणि एखादे झाड घेणे भागच पडले तर धन्याला राजी करून मोबदला द्यावा, अशी भूमिका आहे. इंग्रजी अमलात १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिक ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वनकायद्यांनी जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले. रेल्वेच्या आरंभकाळात तर देशाच्या अनेक भागांत इंजिनेही लाकडावरच चालत आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग, साल, देवदार यांची मोठी तोड होई. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज दिल्याने खंडवा-इंदूर लोहमार्ग साकारला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे; पण त्या काळातील प्रत्येक लोहमार्गाला जंगलही मोजावे लागले, हे तितकेच खरे.

मध्य प्रांतात या संदर्भात एक शब्द रुजला: निस्तार. गावकऱ्यांना घरगुती गरजेपुरते जळण, चराई, कुंपणाचे काटेरी फाटे, नांगराचे लाकूड मिळण्याची वहिवाट म्हणजे निस्तार. ही वहिवाट वाजिब-उल-अर्ज या दस्तात नोंदवली जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ती जंगले सरकारकडे आली. पुढे १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत प्रत्येक गावाच्या निस्तार पत्रकाची तरतूद झाली. ज्यांनी या राज्यात महसुलाचे काम केले आहे, त्यांना हा कागद चांगला ओळखीचा आहे. वरवर रूक्ष वाटणाऱ्या त्या पत्रकात वस्तुतः गावाच्या चुलीचा हक्क लिहिलेला असे. २००६ च्या वनाधिकार कायद्यातही सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ हा शब्द आहे आणि पूर्वीच्या संस्थानांत तो ज्या नावाने चालत असेल त्या नावासह तो मान्य केलेला आहे. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांत वाढलेल्या आपल्या घराण्यांनी ही तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी.

शहरातील घरांना निस्तार नव्हता. त्यांच्यासाठी वखार होती. इंदूर-ग्वाल्हेरकडे तिला टाल म्हणत, बडोद्याकडे जळणाला बळतण म्हणत. लाकूड मणावर मिळे. चाळीस शेरांचा मण इंग्रजी प्रमाणाने सुमारे ३७.३ किलो भरे, परंतु ठिकठिकाणचे शेर निरनिराळे होते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो आणि क्विंटल रूढ झाले. रोज दहा किलो सरपण जाळणारे घर धरले, तर वर्षाला साडेतीन टनांहून अधिक, म्हणजे जवळजवळ ९८ मण लाकूड होते. हे सारे कोणीतरी कुऱ्हाडीने फोडलेले असे. फोडणारा मजूर, डोक्यावर मोळी घेऊन कित्येक कोस चालत येणारी भिल्ल किंवा गोंड स्त्री आणि धुरात बसणारी घरची गृहिणी, या तिघांच्या श्रमांवर आपले सोवळे, आपली मेजवानी आणि आपले अभ्यंगस्नान उभे होते. कुलवृत्तांतात त्यांना जागा मिळाली नाही, हे त्या ग्रंथांतील मोठे न्यून आहे.

पुढे चित्र पालटले. प्रथम रॉकेलचा स्टोव्ह आला. १९६५ मध्ये इंडेनचा गॅस सुरू झाला आणि हळूहळू शहरी मराठी घरांतून चूल हद्दपार झाली. खेड्यांसाठी १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन सरपणच होते. तेव्हा लाकूड फोडण्याचा इतिहास हा संपलेला इतिहास नव्हे.

आता यंत्राकडे वळू. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कलने मांडला आणि जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये त्यावर आधारित दाबयंत्राचे पेटंट घेतले. आजचे हायड्रॉलिक लाकूडफोडे यंत्र त्याच दाबयंत्राचे वंशज आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर असते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला, तर पाचरीवर जवळजवळ बारा टनांचा जोर येतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत अनेक घरे पुन्हा लाकडाच्या शेगड्यांकडे वळली. अशा घरांना वर्षाकाठी कित्येक टन सरपण लागते आणि तेथे असे यंत्र चैनीचे ठरत नाही.

आपल्याकडील गरज वेगळी आहे. ज्या घरात केवळ बंब पेटतो आणि सणासुदीला भट्टी लागते, तेथे अडीच-तीन किलोची जाड गालाची कुऱ्हाड, दोन लोखंडी पाचरी आणि घण एवढे पुरे आहे. वीज असलेल्या शेतघरात, वर्षाला दोन-चार टन लाकूड लागत असल्यास, दोन किलोवॉटच्या सुमारास मोटर असलेले पाच ते सात टन जोराचे यंत्र चालते. सरळ तंतूंच्या मध्यम ओंडक्यांना ते भारी पडत नाही. बाभळीचे गाठाळ बुंधे किंवा चिंच असेल तर अधिक जोराचे यंत्र लागते, अथवा तो बुंधा करवतीकडे सोपवणे शहाणपणाचे. दोन्ही हात गुंतल्याशिवाय पाचर हलणार नाही अशी रचना असलेलेच यंत्र घ्यावे. उघडा फिरणारा शंकूच्या आकाराचा स्क्रू स्वस्त पडतो, पण त्यात कपडा किंवा पदर अडकण्याचे भय असते. घेताना जोराच्या आकड्याबरोबर हेही पाहावे की यंत्र चालवणार कोण. कारण विकत घेणारा आणि राबणारा पुष्कळदा एकच नसतो.

हा शेवटचा प्रश्न यंत्रापुरताच मर्यादित नाही. आपल्या जुन्या घरांत जमाखर्चाच्या वह्या अद्याप असतील, तर त्यांत लाकडाची खरेदी, गाडीभाडे आणि फोडणावळ यांच्या नोंदी शोधाव्यात. दर मिळाले, महिने मिळाले, एखाद्या मजुराचे नाव मिळाले, तर ते उतरवून घ्यावे. सनदा दप्तरखान्यांत जतन झाल्या आहेत. चुलीचा हिशेब आपल्याच माळ्यावर पडला आहे आणि वाळवीला सनद आणि वही यांतला फरक कळत नाही.