नळकामाची हत्यारे

नळकामाची हत्यारे : पाण्याचे नळ कापणे, जोडणे, बसविणे व दुरुस्त करणे यांसाठी वापरण्यात येणारी हातहत्यारे. नळाचा पदार्थ बदलला की सांधा बदलतो आणि सांध्याबरोबर हत्यार. म्हणून या हत्यारांचा इतिहास हा मुख्यतः सांध्याचा इतिहास आहे.

मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे करविलेल्या नहरीत खापरी नळ वापरलेले होते. खापरी नळांचे सांधे चुन्याने बुजवीत. हे काम गवंड्याचे असून त्यास करणी व थापी पुरे होई. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मिळू लागले. त्या काळच्या बिडाच्या नळाचे टोक पुढील नळाच्या रुंद तोंडात बसवून फटीत ताग ठासत व वर वितळलेले शिसे ओतीत. थिजताना शिसे आकसते. म्हणून बोथट छिन्नी व हातोडा यांनी ते पुन्हा ठोकून बसवावे लागे. सांधा गळणे न गळणे सर्वस्वी या ठोकण्यावर अवलंबून असे.

लोखंडी नळांवर आटे पाडण्याची पद्धत रूढ झाल्यावर शेगडा, करवत, कानस, डाय व पाना ही हत्यारे आवश्यक ठरली. ब्रिटिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेला ५५° कोनाचा आटा नळांसाठीही स्वीकारला गेला. अर्धा इंची नळावर दर इंचास १४ आटे असतात. निमुळत्या आट्यात दर १६ मिमी. लांबीस व्यास १ मिमी. घटतो, त्यामुळे नळ फिरवावा तसा सांधा आवळत जातो. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये होऊनही हे इंची आटे टिकले. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर येथे घेतलेली तोटी मुंबईच्या नळासही बसते.

गोल, गुळगुळीत नळ पकडण्याची अडचण अमेरिकन कारागीर डॅनिएल स्टिलसन यांच्या पान्याने (एकस्व १८६९) दूर केली. त्याचा वरचा दातेरी जबडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. दांडा ओढताच तो कलतो व दाते नळात रुततात. पकड एकाच दिशेने मिळते. म्हणून एका पान्याने नळ धरून दुसऱ्याने जोड फिरवितात. या पान्याने कसबाची गरज संपली, हा समज मात्र चुकीचा आहे. निमुळता आटा प्रमाणाबाहेर आवळल्यास बिडाचा जोड तडकतो आणि कोठे थांबावे हे हातालाच कळावे लागते.

प्लॅस्टिक नळांचे सांधे चिकटद्रवाने जोडतात. त्यांस करवत, कानस व कुंचला पुरतो. तोट्यांच्या धातूच्या आट्यांपुरता पाना अद्याप लागतो.