इंजिनचे पार्ट बदललेल्या जुन्या गाडीसाठी नेमका बोल्ट कसा शोधायचा?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण आमच्या आचोळ्यात ती अजून धावतेय. फक्त बॉनेटखाली सगळं मूळचं असेलच असं नाही. माझ्या ८०० मध्ये आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवलाय. काहींनी मूळ एफ८बी इंजिन काढून आल्टोचं एफ८डी टाकलेलं असतं. दोन्ही ७९६ सीसीचीच, पण एफ८डीला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह. स्पेअर पार्टच्या ॲपला यातलं काही माहीत नसतं. मॉडेल आणि वर्ष टाकलं की ते कंपनीतून निघालेल्या गाडीचा बोल्ट दाखवतं.

म्हणून ॲपमध्ये गाडी नाही, पार्ट शोधा. मोबाइलचा टॉर्च लावून ब्लॉकवर ठोकलेल्या इंजिन नंबरचा फोटो काढा, त्याच्या सुरुवातीलाच कोड असतो. अल्टरनेटरचा नंबर त्याच्या लेबलवर मिळेल.

आता मुख्य गोष्ट. बोल्टचा आटा ठरतो ज्या भोकात तो फिरतो त्यावरून, आणि लांबी ठरते मध्ये अडकणाऱ्या पार्टच्या जाडीवरून. पार्ट बदलला की बहुतेक वेळा लांबी बदलते, आटा तोच राहतो. जुना बोल्ट असेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा. १२.५ मिमी आलं तर पिच १.२५, १५ मिमी आलं तर १.५. जपानी घराण्यातल्या गाड्यांत एम१० बोल्ट बहुधा १.२५ पिचचा असतो आणि साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो १.५ चा. दोन-तीन फेरे तो हाताने जातोही! मग पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमच्या हेडमधला आटा गेला, आणि वीस-तीस रुपयांच्या बोल्टपायी गाडी लेथवाल्याच्या दारात.

डोकंही बघा. जपानी एम१० ला १४ चा पाना लागतो, बाजारातल्याला बऱ्याचदा १७ चा. अडचणीच्या जागेत तो फिरतच नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ग्रेड हवा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताकद, आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. कोऱ्या डोक्याचा बोल्ट इंजिन माउंटिंगला लावू नका. हेड बोल्ट तर इंजिन कोड सांगून कंपनीचेच घ्या.

ब्रॅकेट जुना चालतो, त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. बोल्ट मात्र नवे. आधी वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यातली दुकानं बघा, नाहीतर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. नमुना खिशात असू द्या, नुसत्या फोटोवरून पिच कळत नाही.

आणि अख्खं इंजिनच बदललं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून बघा. जुळत नसेल तर बोल्टच्या आधी आरटीओ गाठा, एमएच ४८ वाल्यांनी वसईचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरी घेऊन आरसीवर नोंदवावा लागतो.